भुसावळात राहून बीजीय भूमितीचा (बहुपदी समीकरणांच्या उकलींची भूमिती) ऑनलाइन वाचन-सेमिनार जमेल का?
जमतो. आम्ही चौघं होतो: मी धुळ्याचा, बाकीचे भुसावळ, शिरपूर नि शहाद्याचे. आठवड्याला एकच प्रमेय घ्या. बोलणाऱ्याने स्लाइड न दाखवता कागदावर सिद्धता लिहायची. डब्यांच्या चळतीवर मोबाइल पालथा ठेवला की कॅमेरा तयार.

जर्मन गणितज्ञ हिल्बर्टच्या १८९३ च्या नुलश्टेलेनझाट्सवर, म्हणजे शून्यस्थानांच्या प्रमेयावर (नाव उच्चारण्यातच अर्धा तास गेला), आम्ही तीन आठवडे अडलो. ते म्हणतं: फील्ड (बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार चालणारा संख्यासंच) बीजीय संवृत असेल, म्हणजे स्थिरांक सोडून प्रत्येक बहुपदीला त्यात शून्यस्थान असेल, तर ज्या बहुपदींना सामाईक शून्यस्थान नाही त्यांचा आयडियल (त्यांना कुठल्याही बहुपदींनी गुणून बेरजा केल्यावर मिळणारा संच) म्हणजे अख्खी रिंग, सगळ्या बहुपदींचा संच. पण फील्ड बीजीय संवृत कशाला हवं? एकीने क्ष² + १ लिहिलं. वास्तव संख्यांत त्याला शून्यस्थान नाही, तरी त्यातून होणारा आयडियल म्हणजे अख्खी रिंग नव्हे. तेव्हा कुठे ट्यूब पेटली!

पाचापेक्षा जास्त जण घेऊ नका, निम्मे नुसते ऐकायला येतात. वेळ रात्री नवानंतरची, लाइट असली तर.