मोटरहोमने नदीकाठच्या शहरात: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आम्ही दोघे आणि शाळकरी वयाची दोन मुले असे चौघे जण भाड्याने मोटरहोम, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेली मोठी गाडी, घेऊन नदीकाठच्या एका जुन्या शहरात तीन रात्री राहण्याचा बेत करत आहोत. एवढी मोठी गाडी आम्ही यापूर्वी चालवलेली नाही. गाडी शहराच्या मध्यभागी, नदीच्या काठालगतच उभी करावी, म्हणजे सगळे पायी पाहता येईल, असे मनात आहे. हे कितपत जमेल आणि आखणीला सुरुवात कुठून करावी?

उत्तर: बहुतेक कुटुंबे आधी पाहण्याच्या ठिकाणांची यादी करतात, मग त्यांच्यामधली अंतरे मोजतात आणि गाडी रात्री कुठे उभी राहणार हा प्रश्न अगदी शेवटी हाती घेतात. मोटरहोमच्या सहलीत हा क्रम उलटा हवा. आधी मुक्कामाची जागा पक्की करावी आणि बाकीचा बेत तिच्याभोवती बसवावा. आपला मुक्काम तीनच रात्रींचा आहे, त्यामुळे तो एकाच जागी ठेवावा, असे मी आग्रहाने सुचवीन. जागा बदलायची म्हटली की पाण्याची नळी आणि विजेची तार काढून गुंडाळणे, गॅस बंद करणे, छपरावरची खिडकी लावणे, पायरी आत घेणे, कपाटांच्या कड्या तपासणे आणि टेबलावरची प्रत्येक वस्तू जागेवर ठेवणे आलेच. यात पाऊण-एक तास सहज जातो आणि नव्या जागी तेवढाच वेळ पुन्हा मांडामांड करण्यात जातो.

शहराच्या मध्यभागी गाडी नेण्याचा विचार मात्र सोडून द्यावा. नदीकाठची जुनी शहरे पाणी आणि चढ यांच्या मधल्या अरुंद पट्ट्यात वाढलेली असतात. तिथले रस्ते बैलगाडी आणि घोडागाडीच्या मापाचे असतात आणि पुलांवर वजनाची मर्यादा असते. मोटरहोमची उंची बहुधा तीन मीटरच्या आसपास भरते, तर इमारतींखालच्या वाहनतळांत बऱ्याचदा दोन मीटरच्या थोडीच वरची गाडी मावते. दगडी कमानीच्या पुलाखालून जाताना तर अधिकच जपावे लागते, कारण कमानीच्या मध्याशी असलेली उंची कडेला मिळत नाही आणि रुंद गाडीचा वरचा कोपरा नेमका कडेलाच अडतो. छपरावरचे वातानुकूलन यंत्र आणि अँटेना धरून गाडीची खरी उंची किती, हे ताब्यात घेतानाच विचारून घ्यावे आणि उंची, रुंदी व कमाल वजन एका कागदावर ठळक अंकांत लिहून तो चालकाच्या नजरेसमोर चिकटवावा. ऐन पुलासमोर आकडा आठवत बसण्याची वेळ येऊ नये. मोबाइलवरचे नेहमीचे नकाशे साध्या मोटारीच्या हिशेबाने रस्ता दाखवतात, त्यामुळे गाडीची मापे भरता येतील असे दिशादर्शक साधन वापरावे. युरोपातील अनेक शहरांनी कमी प्रदूषणाचे विभाग ठरवून दिले आहेत. तिथे जाणार असाल तर आपल्या गाडीला प्रवेश आहे की नाही, हे निघण्यापूर्वीच पाहावे लागेल.

तेव्हा शहराबाहेर, पण बस, ट्राम किंवा लोकल गाडीच्या थांब्यापासून चालत जाता येईल अशी कॅम्पसाइट, म्हणजे मोटरहोम व तंबूंसाठीचा मुक्कामतळ, निवडावी. शेवटची बस किती वाजता सुटते, हे आरक्षण करण्यापूर्वीच पाहून ठेवावे. संध्याकाळी नदीकाठी रेंगाळण्याचा आनंद मुलांना मिळायला हवा आणि तो बसच्या वेळेवरच अवलंबून असतो. काठाने सायकलमार्ग असेल तर त्याहून उत्तम.

पहिल्या दिवशी लांबचा पल्ला ठेवू नका. नव्या चालकाने उजेड असतानाच मुक्कामी पोहोचावे. वळण घेताना मागच्या चाकांच्या मागे राहिलेला लांब भाग विरुद्ध दिशेला फिरतो. इंधनाच्या पंपावरून निघताना स्टिअरिंग लगेच पूर्ण वळवले तर पुढचा भाग सुखरूप बाहेर पडतो आणि मागचा कोपरा खांबाला घासतो. थोडे सरळ जाऊन मगच वळावे. गाडी मागे घेताना दुसऱ्याने खाली उतरून चालकाला आरशात दिसेल अशाच जागी उभे राहावे. खाली उभी असलेली व्यक्ती आरशात दिसेनाशी झाली की चालकाने गाडी जागीच थांबवावी, हा नियम दोघांनी आधीच ठरवून घ्यावा.

प्रश्न: कॅम्पसाइटवर नदीला लागूनची जागा आणि थोडी वरची जागा यांपैकी एक निवडायची आहे. काठावरची जागा घेण्यात काही धोका आहे का? हवामानाचा अंदाज तर स्वच्छ आहे.

उत्तर: आपण पाहिलेला अंदाज मुक्कामाच्या गावाचा आहे. नदीतले पाणी मात्र कित्येक किलोमीटर वरच्या पाणलोट क्षेत्रातून येते. वरच्या भागात झालेला पाऊस, वितळलेला बर्फ किंवा धरणातून सोडलेले पाणी खाली पोहोचते, तेव्हा तुमच्या डोक्यावरचे आकाश निरभ्र असू शकते. म्हणून नदीच्या वरच्या खोऱ्याचा अंदाज आणि पाणीपातळीचे सरकारी आकडे पाहावेत. पातळी किती आहे, यापेक्षा ती चढत आहे की उतरत आहे, याकडे अधिक लक्ष असावे.

पुराच्या खुणा शहरात आणि कॅम्पसाइटवरही दिसतात. जर्मनीतील पासाऊ हे डॅन्यूब, इन आणि इल्झ या तीन नद्यांच्या संगमावरचे शहर आहे. तिथल्या नगरभवनाच्या भिंतीवर जुन्या पुरांच्या रेषा वर्षांसह नोंदलेल्या आहेत. जून २०१३ मध्ये तिथे डॅन्यूबची पातळी १२.८९ मीटरपर्यंत चढली. इतके पाणी १५०१ नंतर शहराने पाहिले नव्हते. अशी रेषा आपल्या शहरात दिसली तर तिच्याकडे केवळ प्रेक्षणीय वस्तू म्हणून पाहू नये. कॅम्पसाइटवरही काठच्या झाडांच्या खालच्या फांद्यांत वाळलेले गवत आणि काटक्या अडकलेल्या आहेत का, कुंपणाच्या तारेला गाळ चिकटला आहे का, हे निरखावे. पाणी तिथवर येऊन गेल्याचा तो पुरावा असतो.

मोठ्या नदीइतकेच तिला मिळणारे छोटे ओढे जपण्याजोगे आहेत. स्पेनमधील बिएस्कास येथे ७ ऑगस्ट १९९६ रोजी डोंगरातून उतरणाऱ्या एका ओढ्याला अचानक लोंढा आला आणि त्याच्या तोंडाशी वसवलेल्या कॅम्पसाइटवरची ८७ माणसे दगावली. ओढा डोंगरातून उतरून जिथे पसरतो, ती सपाटी दिसायला कितीही निवांत असली तरी तिथे रात्र काढू नये.

माझे मत विचाराल तर वरची जागा घ्यावी. काठावर बसायला दिवसभर जाता येते. वरच्या जागी जमीनही बहुधा टणक मिळते. काठची हिरवळ वरून कोरडी दिसली तरी खाली ओल धरून असते आणि तीन-साडेतीन टनांची गाडी रात्रभरात तिच्यात रुतते. चाके रुतली की इंजिनाचा जोर वाढवून ती गरगर फिरवू नयेत, कारण त्याने खड्डा खोलच होतो. चाकांखाली पकड देणाऱ्या पट्ट्या सरकवून अगदी हळू बाहेर निघावे. गाडी कुठेही उभी केली तरी तिचे तोंड बाहेर पडण्याच्या वाटेकडे असावे. नदीकाठी रात्री दमट हवा आणि धुके असते. त्यात चौघांच्या श्वासाची वाफ मिसळून काचा आतून ओघळू लागतात, म्हणून थंडी असली तरी छपरावरची खिडकी थोडी उघडी ठेवावी.

प्रश्न: निघताना पाण्याची टाकी पूर्ण भरावी का? आणि सांडपाण्याचे काय करावे?

उत्तर: एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते. १०० लिटरची टाकी भरली की एका मोठ्या माणसाहून अधिक वजन गाडीवर चढले. युरोपात बनलेल्या पुष्कळ मोटरहोमची कमाल वजनमर्यादा ३,५०० किलो ठेवलेली असते आणि चौघे जण, सायकली व सामान धरल्यावर ती ओलांडायला वेळ लागत नाही. वाटेत हात धुण्यापुरते पाणी घेऊन निघावे आणि टाकी मुक्कामी भरावी. सगळे सामान चढवल्यावर गाडी एकदा वजनकाट्यावर नेली तर शंकाच उरत नाही.

आंघोळीचे, भांड्यांचे सांडपाणी आणि शौचालयाचे मैलापाणी वेगवेगळ्या टाक्यांत जमते. दोन्ही फक्त त्यांच्यासाठी ठरवलेल्या जागीच रिकाम्या कराव्यात. रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात तर कधीही नाही, कारण ते पाणी अनेक ठिकाणी कुठल्याही प्रक्रियेविना थेट नदीत जाते. ज्या नदीच्या ओढीने आपण तिथवर गेलो, तिच्यात आपली घाण सोडणे मला अक्षम्य वाटते. मोठी मैलाटाकी असलेल्या गाडीची नळी मुक्कामाच्या जागेवरील मैलावाहिनीला कायमची जोडलेली असली तरी तिची झडप बंदच ठेवावी. उघडी राहिली तर पाणी वाहून जाते आणि मैला तळाशी वाळून बसतो. रिकामे करताना आधी मैलाटाकी आणि मग सांडपाण्याची टाकी उघडावी, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी आपोआप धुऊन निघते. काढून नेण्याजोगी लहान मैलापेटी असेल, तर चौघांसाठी ती रोज सकाळी रिकामी करण्याची सवय ठेवावी.

प्रश्न: कॅम्पसाइटवर विजेची जोडणी आहे. घरच्याप्रमाणे सगळी उपकरणे वापरता येतील का?

उत्तर: जोडणी किती अँपिअरची आहे, ते विचारा. २३० व्होल्टच्या देशात ६ अँपिअरच्या जोडणीवर सुमारे १,३८० वॉट मिळतात. पाणी उकळण्याची २,००० वॉटची किटली त्यावर लावली की खटका पडणार. १० अँपिअरवर किटली चालते, पण त्याच वेळी केस वाळवण्याचे यंत्र लावता येत नाही. तारेचे रीळ वापरणार असाल तर सगळी तार उलगडावी, कारण गुंडाळलेली तार भाराने तापते.

गॅसबद्दल इतकेच सांगतो की सिलिंडरमध्ये मिळणाऱ्या दोन प्रकारच्या गॅसपैकी ब्युटेन शून्य अंशाच्या जवळपास वायुरूप घेणे थांबवतो, तर प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत चालतो. त्यामुळे थंडीच्या दिवसांत प्रोपेनचे सिलिंडर घ्यावे. शेगडी पेटवून गाडी गरम करण्याचा प्रयत्न कधीही करू नये. बंद जागेत शेगडी जळत राहिली की तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. त्याची सूचना देणारे यंत्र गाडीत आहे का आणि ते चालते का, हे गाडी ताब्यात घेताना बटण दाबून पाहावे आणि नसेल तर मागून घ्यावे.