तीन दिवस भिजलेले गहू

«ताई, मी 51 वर्षांची, नाशिकला राहते. मिस्टर बँकेत आहेत. मुलगी गेल्या वर्षी नोकरीसाठी बंगळुरूला गेली. तेव्हापासून दुसरा-चौथा शनिवार आला की यांची यादी तयार! मागच्या सुट्टीत दोन दिवसांत सात ठिकाणं केली. रविवारी रात्री घरी आले, कुरडयांसाठी भिजवलेल्या गव्हाच्या पातेल्यापाशी बसले आणि रडले. हे म्हणाले, ‘कुरडया विकत मिळतात की! तुला हल्ली कशातच मजा वाटत नाही.’ माझं वय झालंय का? की मीच रडकी झालेय?»
– एक दमलेली

अहो, तुमचं लांबलचक पत्र वर थोडक्यात दिलंय, पण त्यातली यादी मी कागदावर उतरवून घेतली, कारण नुसती वाचतानाच धाप लागली. शनिवारी पहाटे डोंगरावरची पांडवलेणी, मग मेन रोडवर आहेराची खरेदी, संध्याकाळी सोमेश्वर, रात्री गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला. रविवारी त्र्यंबकेश्वरची रांग, भर दुपारी लॉन्सवरचं लग्न आणि शेवटी गंगापूर धरणावर सूर्यास्त. मधली मिसळ मी मोजलेली नाही. नाशिककरांसाठी ते ठिकाण नव्हे, नित्यकर्म.

मे महिन्यात ही यादी घेऊन पंचविशीतली मुलगी निघाली असती तरी रविवारी रात्री तीही रडलीच असती. तेव्हा वयाचं ओझं आधी उतरवा.

आता तुमच्या पत्रातलं, तुम्ही ओझरतं लिहिलेलं. शनिवारी चारला उठून दशम्या केल्या, बटाट्याची सुकी भाजी केली, ताकाची बाटली फडक्यात गुंडाळली, लग्नाची साडी इस्त्री केली. मिस्टरांनी काय केलं? गाडी पुसली आणि यादी केली. म्हणजे सहली दोन निघाल्या होत्या. एक त्यांची, सात ठिकाणांची. दुसरी तुमची, सात ठिकाणं अधिक ओटा, डबे, धुणं आणि गुरुवारी रात्री भिजत घातलेले गहू. रोज पाणी बदलायचं, तिसऱ्या दिवशी वाटून चीक काढायचा, नाहीतर आंबूस वास सुटतो. हे वेळापत्रक त्यांच्या यादीत नव्हतं आणि तुम्हीही सांगितलं नव्हतं. खरं ना? इथे थोडा दोष तुमच्याकडेही येतो. चाळीस अंशांच्या उन्हात फिरायला जायचंय हे गुरुवारी ठाऊक असताना दोन किलो गहू भिजवले कुणी? आपण बायका असं करतो. वाळवण चुकलं तर वर्ष चुकलं असं आईनं मनात भरवलेलं असतं. मीही एकदा पाहुणे घरात असताना पापडांचा घाट घातला होता आणि दिवसभर सगळ्यांवर खेकसत होते. पापड चिरले ते वेगळंच.

मुलगी गेल्यावर घर खायला उठतं, म्हणून ते बाहेर पळतात, असं मी लिहीन असं तुम्हाला वाटलं असेल. असेलही तसं. पण ते त्यांना विचारा, मी इथे बसून कसं सांगू? मला तुमच्या पत्रातली दुसरीच गोष्ट जास्त बोलकी वाटली. सहा ठिकाणं तुम्ही दोन ओळींत उरकलीत आणि पांडवलेण्यातल्या दहाव्या लेण्यावर अख्खं पान लिहिलंत. तिथल्या शिलालेखातला क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात, त्याने विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, ठेवलेले 2000 कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, दरमहा शेकडा एक व्याज. दुसऱ्या श्रेणीकडे आणखी 1000, शेकडा पाऊण दराने. मिस्टरांनी तिथल्या तिथे बोटांवर हिशेब केला, 2000चं वर्षाचं व्याज 240, म्हणजे वीस भिक्षूंना चिवरासाठी, अंगावरच्या वस्त्रासाठी, बारा-बारा. आणि म्हणाले, ‘बघ, दोन हजार वर्षांपूर्वीची एफडी, मुद्दलाला हात लावायचा नाही.’ तुम्ही दोघं दगडी ओट्यावर पाऊण तास बसलात, दशम्या तिथेच संपवल्या आणि तुम्ही लिहिता, ‘किती दिवसांनी हसलो.’ कशातच मजा न वाटणारी बाई ही नव्हे. तुम्हाला बसायला मिळालं तिथे तुम्ही रमलात. पुढच्या सहा ठिकाणी मुद्दल मोडत गेलं.

तेव्हा हेच त्यांना सांगा, बँकेच्या भाषेत सांगितलंत तर लवकर कळेल. सकाळी एक, संध्याकाळी एक, बस. सकाळचं दहाच्या आत संपवून घरी. दुपारी अकरा ते चार घरात, पडदे ओढून, आमरस खाऊन आडवं व्हायचं. ही झोप सहलीचाच भाग धरायची. दुपारचं लग्न आलं तर त्या दिवशी दुसरं काहीच नाही. व्याख्यानमालेला जरूर जा. 1922पासून चालत आलेली गोष्ट आहे, यशवंतराव महाराज पटांगणावर नदीची झुळूक येते, मे महिन्यात नाशकात याहून स्वस्त गारवा नाही. फक्त त्या दिवशी पहाटे डोंगर नको. यादी त्यांनी खुशाल करावी, खोडायचा हक्क तुमचा. आणि डबा त्यांचा. दशम्या जमणार नाहीत, तर भेळेचं सामान बांधून घ्यावं, कांदा त्यांनी चिरावा.

एक गोष्ट मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. लेण्याच्या पायऱ्यांवर अचानक अंगातून वाफा निघाल्या, घाम फुटला, थांबावं लागलं आणि हल्ली रात्री तीनला उशी ओली होऊन जाग येते, असं लिहिलंत. तुमच्या वयात पाळी जाताना असं होतं, तेव्हा हे बहुधा तेच असेल. पण ‘बहुधा’वर राहू नका. याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, हिमोग्लोबिन, थायरॉईड, बीपी तपासून घ्या. चढताना छातीत दडपण आलं किंवा धाप थांबेनाशी झाली तर आठवड्याचीही वाट बघू नका, त्याच दिवशी जा. महिनोन्‌महिने झोप मोडलेल्या माणसाला रडू लवकर येतं, त्यात रडकेपणा कसला? आणि हे मिस्टरांपासून लपवू नका. ‘तुला मजा वाटत नाही’ म्हणणाऱ्या माणसाला तुम्ही रात्री जाग्या असता हे ठाऊकच नसेल, तर तो बिचारा आणखी एक धरण दाखवून तुम्हाला खूश करायला बघणार.

कुरडयांचं म्हणाल तर ‘विकत मिळतात’ हे त्यांचं वाक्य चुकीच्या वेळी आलं, चुकीचं नव्हे. यंदा विकत आणा. घरच्याच हव्या असतील तर एखादी रविवारची सकाळ त्यांना गच्चीवर बसवा. चीक तुम्ही घाटा, सोऱ्या त्यांनी दाबावा. नाशकातलं आठवं ठिकाण म्हणून यादीत लिहा हवं तर, पेट्रोलही लागत नाही.

बाकी सगळं लिहिलंत, पण त्या रात्री गव्हाचं पुढे काय झालं ते राहून गेलं. वाटलेत की टाकलेत? तेवढं कळवा.