वाचक विचारतात : पोरगं दिवसभर रॅप करतं, काय करू?

मागच्या अंकात रॅप करणाऱ्या पोरांवर चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर बरीच पत्रं आली, काही रागावलेली पण होती. त्यातली तीन इथे घेतेय. एका आजींचं, एका पोराचं आणि एका सरांचं.

प्रश्न : ताई, माझा नातू बारावीला आहे. दिवसभर कानात ते घालून बसतो नाहीतर खोलीचं दार लावून मोबाईलमध्ये भराभरा काहीतरी बोलत असतो. त्याला रॅप म्हणतात म्हणे. मधेच शिव्या पण ऐकू येतात. विचारलं की म्हणतो आजी तुला नाही कळणार. मी चौथी शिकलेय, पण माझ्या आईच्या जात्यावरच्या ओव्या मला अजून पाठ आहेत, म्हंजे गाण्यातलं काही कळतच नाही असं नाही ना. आता आमच्यात बोलण्यासारखं काही उरलंच नाही असं वाटतं.
— एक आजी, कराड

उत्तर : आजी, तुमच्या पत्रातलं ते ओव्यांचं वाक्य मी दोनदा वाचलं. त्यावर येतेच, पण आधी शिव्यांचं बोलूया.

शिव्या ऐकून तुम्हाला वाईट वाटलं ते बरोबरच आहे आणि मी त्याचं समर्थन करणार नाही, विशेष करून बाईच्या नावाने दिलेल्या शिव्यांचं तर अजिबात नाही. मोठमोठ्या रॅपरच्या गाण्यात त्या असतात, पोरं ऐकतात आणि त्यांना वाटतं ह्याशिवाय रॅप होतच नाही. पण रागातून निघालेला शब्द वेगळा आणि टाळ्या पडाव्यात म्हणून घातलेली शिवी वेगळी. नातवाला हे ओरडून सांगू नका, एवढंच विचारा की ही शिवी काढली तर ओळीत काय कमी होतं? बऱ्याचदा काहीच होत नाही, आणि ते त्याचं त्यालाच कळेल.

आता हे रॅप आलं कुठून ते सांगते म्हणजे ते तुम्हाला परकं वाटणार नाही. न्यूयॉर्कमध्ये ब्रॉन्क्स नावाचा भाग आहे, गरीब काळ्या आणि स्पॅनिश बोलणाऱ्या लोकांची वस्ती, तेव्हा तिथे इमारती जळत होत्या आणि कामं नव्हती. तिथे ११ ऑगस्ट १९७३ ला जमैकाहून आलेल्या कूल हर्क नावाच्या पोराने बहिणीच्या पार्टीत दोन रेकॉर्ड प्लेयर लावले आणि गाण्यातला नुसता तालाचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत ठेवला. तेव्हा तो १८ वर्षांचा होता. बहिणीला शाळा सुरू होताना नवे कपडे घ्यायचे होते, त्या पैशासाठी पार्टी होती. असा ताल चालू ठेवून त्यावर बोलायचं, ह्यातूनच पुढे रॅप उभं राहिलं. ना क्लास, ना पेटी, ना तबला, हातात काही नसणाऱ्यांनाही करता येईल असं हे गाणं आहे आणि म्हणूनच ते जगभरच्या वस्त्यांमधे गेलं. मुंबईत कुर्ल्याच्या नेझी नावाच्या रॅपरने पहिला व्हिडिओ आयपॅडवर शूट केला, अंधेरीच्या डिव्हाइन नावाच्या रॅपरने आपल्या गल्लीचीच भाषा वापरली. ह्या पोरांना आधी कोणी विचारत नव्हतं, ह्या बोलण्यामुळे त्यांच्याकडे लोक बघायला लागले.

आणि आता मला खरं जे सांगायचंय ते. रॅपला शब्द फार लागतात. साध्या सिनेमाच्या गाण्यात मुखडा आणि दोन अंतरे झाले की काम भागतं, रॅपमधे तेवढे शब्द एका मिनिटाच्या आत संपतात. त्यामुळे पोरांकडचे विषय लवकर आटतात, मग तेच ते, मी भारी, तू फालतू, माझी गाडी, माझे पैसे, जे त्याच्याकडे अजून नाहीतच. आणि त्याच घरात तुम्ही बसलाय, अख्खं आयुष्य आणि आईच्या ओव्या पाठ असलेल्या.

तमिळनाडूतल्या अरिवु नावाच्या रॅपरचं सांगते. त्याची आजी वल्लीअम्मल श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यात राबलेली, तिथून परत आली तर इकडे स्वतःची जमीन नाही. तिने नातवाला ते सगळं सांगितलं आणि त्याने त्यावरून ‘एन्जॉय एन्जामी’ लिहिलं, धी नावाच्या गायिकेबरोबर गायलं, २०२१ च्या मार्चमधे ते आलं आणि करोडो लोकांनी ऐकलं, तमिळ येत नसलेल्यांनी पण. व्हिडिओत ती आजी स्वतः दिसते. नातवाला विचारा हे गाणं माहितीय का म्हणून. बहुतेक माहिती असेलच, पण ते एका आजीच्या गोष्टीतून आलंय हे कदाचित नसेल.

मग आईची एक ओवी त्याला म्हणून दाखवा. नुसती सांगू नका, जात्याच्या लयीतच म्हणा. त्याला रेकॉर्ड करू द्या. आवाज फाटला तरी चालेल. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर ह्यांनी गावोगावच्या बायकांकडून अशा लाखाच्या वर ओव्या गोळा केल्यात, पारी नावाची खेड्यापाड्यातल्या लोकांवरची वेबसाइट आहे, तिथे त्यातल्या पुष्कळ ऐकायला मिळतात, त्या पण दोघांनी मिळून ऐका. आणि मग त्याच्या रॅपमधली एक ओळ त्याला हळू म्हणायला सांगा, अर्थ विचारा. आजी विचारतेय म्हटल्यावर पोरगं नीट सांगतं हो. तुमची ओवी त्याच्या बीटवर, म्हणजे रॅपच्या मागे वाजणाऱ्या तालावर, बसली तर मला जरूर कळवा, नाही बसली तरी कळवा.

प्रश्न : ताई, मी चिपळूणचा, कॉलेजला आहे. दोन वर्षं रॅप लिहितोय पण आठ ओळींच्या पुढे गाडी जातच नाही. मित्र म्हणतात हिंदीत कर, मराठीला व्ह्यूज नाहीत. पप्पा म्हणतात हे थेरं बंद कर. माझे आजोबा शक्ती-तुऱ्यात शाहीर होते पण त्यांना माझं आवडेल असं वाटत नाही.
— एक वाचक

उत्तर : अरे, आजोबा शक्ती-तुऱ्यातले शाहीर आणि तू मला विचारतोयस! शक्ती-तुऱ्याचा सामना म्हणजे काय ते तुला माहितीच असेल, दोन बाजू समोरासमोर, गण होतो, गवळण होते आणि मग सवाल-जवाब, एकाने गाण्यातून कोडं टाकायचं आणि दुसऱ्याने गाण्यातूनच ते सोडवायचं, त्यात समोरच्याला चिमटे काढायचे, लोक रात्रभर बसून ऐकतात आणि मुंबईत चाकरमान्यांसाठी नाट्यगृहांतपण सामने लागतात. तुम्ही ज्याला बॅटल म्हणता ते तुझे आजोबा ढोलकी आणि झांजेवर करत आले. त्यांच्याकडे वही असेल. माग. ते स्वतःहून देणार नाहीत, त्यांना वाटत असेल नातवाला लाज वाटते.

आठ ओळींचा प्रॉब्लेम कॉमन आहे. एक व्हर्स, म्हणजे रॅपचं एक कडवं, साधारण १६ बारचा धरतात, बार म्हणजे तालाचं एक आवर्तन, एका बारमधे ४ ठोके, म्हणजे ६४ ठोके, आणि बीट मिनिटाला ९० ठोक्यांच्या स्पीडची असेल तर हे सगळं साधारण ४३ सेकंदात संपतं. एवढ्या वेळात स्वतःची तारीफ आठ ओळीच पुरते, गोष्ट असेल तर १६ पण कमी पडतात. २००५ आणि २०२१ चा पूर चिपळूणने बघितलाय, बाजारपेठेत पाणी शिरलं तेव्हा तुमच्या घरात काय काय उचललं, काय गेलं, आजोबांना विचार आणि ते लिही. यमक शेवटच्या अक्षरापुरतं ठेवू नकोस, मधेमधे पण जुळव. शाहिरांच्या कवनात हे ढीगभर सापडेल.

भाषेचं म्हणशील तर ज्या भाषेत तुला राग येतो त्या भाषेत लिही. स्वदेसी नावाच्या मुंबईच्या ग्रुपमधला एमसी मवाली मराठीत रॅप करतो, अमरावतीहून आलेला १०० आरबीएच पण. व्ह्यूज हिंदीत जास्त मिळतात हे खरंय, ते नाकारत नाही. पण तुझ्या गावचं बोलणं हिंदीत नेलंस तर ते दुसऱ्या कुणाचं पण वाटू शकतं.

पप्पांचं पण ऐक. रॅपवर घर चालवणारे फार थोडे आहेत, शिक्षण सोडून ह्याच्या मागे लागू नकोस, असं मी माझ्या पोराला पण सांगेन. पण पप्पांना एकदा ऐकव, पूर्ण, त्यांच्या समोर उभं राहून. आणि यूट्यूबवरची ‘फ्री’ लिहिलेली बीट घेतलीस तर खालचं वाच, बऱ्याचदा ती पैसे न कमावण्याच्या अटीवर असते, गाण्यातून कमवायचं असेल तर लायसन्स घ्यावं लागतं.

प्रश्न : आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात नववीची मुलं रॅप करायचं म्हणतायत. पालक आणि काही शिक्षकांचा विरोध आहे. परवानगी द्यावी का?
— एक शिक्षक, परभणी जिल्हा

उत्तर : द्या सर, नक्की द्या. अण्णाभाऊ साठे, अमर शेख, द. ना. गवाणकर ह्यांनी १९४४ मधे लाल बावटा कलापथक काढलं तेव्हा कामगारांचं दुखणं डफ-तुणतुण्यावर चौकाचौकात गेलं, आणि वामनदादा कर्डक तर मोठेपणी अक्षरं शिकले आणि पुढे गावोगाव गात फिरले. विरोध करणाऱ्या पालकांना हे सांगा, त्यातल्या अनेकांच्या घरात वामनदादांची गाणी आजही वाजतात.

अट एवढीच घाला की शब्द आठवडाभर आधी कागदावर लिहून द्यायचे आणि विषय गावातला हवा, टँकर, कापसाचा भाव, एसटीची वाट, काहीही. शिवी नाही आणि कुणा मुलीवर कॉमेंट नाही. आणि जमलं तर गावातला एखादा जुना भजनी किंवा गोंधळी स्टेजवर बरोबर घ्या. मुंबईच्या स्वदेसी ग्रुपने २०१९ मधे मुंबईतल्या आरेच्या जंगलावर जे वारली लोकांचं गाणं केलं त्यात आरेच्या पाड्यावरचे प्रकाश भोईर गायलेत, आणि पोरांचं रॅप आणि त्यांचा आवाज एकत्र आल्यावर त्या गाण्यात जी ताकद आलीय ती नुसत्या रॅपमधे आली नसती. तुमच्याकडे संबळ वाजवणारा कुणी मिळाला तर बीट डाउनलोड करायची पण गरज नाही. फक्त साउंडवाल्याला सांगून ठेवा की ताल खाली आणि आवाज वर, नाहीतर पुढे बसलेल्या म्हाताऱ्या माणसांना एक शब्द ऐकू येणार नाही आणि सगळी मेहनत गोंगाटात जाईल.