परवाना कुणाच्या नावावर, कोणत्या जागेचा, कधीपर्यंत?

मार्च तोंडावर आला की दारूच्या परवान्यांविषयीच्या प्रश्नांची रांग लागते. या खेपेला परमिट रूमवाले आहेत, वाइन शॉपच्या नादाला लागलेले एक गृहस्थ आहेत आणि दुकान बंदच करायला निघालेल्या एक ताईही आहेत. सरकारी कागदावर 'अनुज्ञप्ती' असं लिहिलेलं असतं. आपण परवाना म्हणू, बाजार लायसन म्हणतो. तिन्ही एकच.

कराडजवळच्या एका गावातून: हायवेलगत आमचं फॅमिली रेस्टॉरंट आहे. परमिट रूम सुरू करायची आहे. शाळा जवळ आहे, पण ७५ मीटर सुटलं की झालं म्हणतात. सुरुवात कुठून करू?

अर्ज नंतर भरा. आधी टेप घेऊन बाहेर पडा, आणि शाळेच्या नव्हे, हायवेच्या दिशेने.

सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांच्या कडेपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्रीला मनाई केली. मार्च २०१७ मध्ये त्यात बदल झाला आणि २० हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावांसाठी हे अंतर २२० मीटरवर आलं. त्याच वर्षी जुलैमध्ये नगरपालिका, महापालिकांची हद्द यातून मोकळी झाली. पुढे फेब्रुवारी २०१८ मध्ये, शहरालगतच्या ग्रामपंचायत हद्दीत काय करायचं ते राज्याने ठरवावं, असं कोर्टाने सांगितलं. म्हणजे तुमचं गाव कशात बसतं हे कळल्याशिवाय आतल्या फर्निचरवर एक रुपयाही घालू नका. मोजणी हायवेच्या बाहेरच्या कडेपासून होते. सर्व्हिस रोड असेल तर त्याच्या कडेपासून. हॉटेलचं तोंड मागच्या गल्लीकडे वळवून अंतर वाढत नाही.

आता शाळा. हे अंतर नकाशावर पट्टी ठेवून हवेतून मोजत नाहीत. माणूस नेहमी ज्या वाटेने चालत जातो त्या वाटेने, तुमच्या दाराच्या मध्यापासून शाळेच्या फाटकाच्या मध्यापर्यंत मोजतात. वॉल कंपाउंड नसेल तर इमारतीच्या दारापर्यंत. मी एकदा एका मालकाबरोबर टेपचं दुसरं टोक धरून उभा होतो. अंतर बसत होतं, मालकाचा चेहरा खुलला होता. तेवढ्यात शाळेचा शिपाई बाजूच्या लहान फाटकातून सायकल घेऊन बाहेर आला. तेही फाटक रोजच्या वापरातलं होतं. मोजणी तिथून धरली आणि फाइल तिथेच संपली. तेव्हा सगळी फाटकं मोजा, देवळाचं मागचं दारसुद्धा.

अंतर निभावलं तर ग्रामसभेचा ठराव. हा कागद मिळवणं सगळ्यात अवघड असतं आणि तसंच असावं. सरपंचाच्या लेटरहेडवरची 'हरकत नाही' म्हणजे ग्रामसभा नव्हे. त्यानंतर जागेची मालकी किंवा नोंदणीकृत भाडेकरार, बांधकाम परवानगी, अन्न परवाना, जीएसटी, भागीदारीपत्र, पोलिसांकडचा चारित्र्य दाखला हे सगळं जोडून अर्ज ऑनलाइन जातो. राज्य उत्पादन शुल्क विभागाचे दुय्यम निरीक्षक जागा पाहून जातात, अहवाल अधीक्षकांमार्फत वर सरकतो आणि परवाना जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीने निघतो. परमिट रूमसाठी एफएल-३. फक्त बिअर आणि वाइन द्यायची असेल तर फॉर्म ई, त्याचं शुल्कही हलकं असतं. नवख्याने आधी त्याचा विचार करावा, असं माझं मत आहे.

जागेच्या नकाशाकडे मात्र कुणी नीट बघत नाही. मंजूर नकाशात जेवढी चौकट आहे तेवढाच तुमचा बार. गच्ची, मागचं लॉन, पार्किंगमधली चार टेबलं नकाशात नसतील तर तिथे दिलेला पेग विनापरवाना धरला जातो. पुढे गार्डन करायचा विचार असेल तर आर्किटेक्टला आताच सांगा.

नाशिकहून: दरवर्षी ३१ मार्चला चलन भरून मोकळा होतो. या वर्षी सीए म्हणतात आधी तयारी करा. चलन भरलं की नूतनीकरण झालंच ना?

सीए बरोबर सांगताहेत. परवान्याचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. ३१ ला रात्री बारा वाजले की तुमच्या कपाटातला माल परवाना नसलेल्या माणसाच्या ताब्यातला माल होतो. बाटल्या त्याच, सील तेच, पण दारूबंदी कायद्याचं कलम ६५ लागायला तेवढं पुरतं. त्यात ३१ मार्चला अख्ख्या राज्याची चलनं 'ग्रास'वर, म्हणजे सरकारी भरण्याच्या संकेतस्थळावर, एकदम चढत असतात. पैसे खात्यातून गेले, पावतीचा नंबर मात्र आला नाही, असा माणूस दर वर्षी एक तरी भेटतो.

पैशाआधी तीन गोष्टी बघा. विक्रीकराची थकबाकी. तपासणीत सापडलेल्या विसंगतीच्या जुन्या प्रकरणात तडजोड शुल्क ठरलं असेल तर ते भरलंय का. आणि भागीदारी: वर्षभरात भागीदार निघाला किंवा आत आला असेल आणि ते विभागाला कळवलं नसेल, तर बँकेत एक नावं, परवान्यावर दुसरी. हे एका दिवसात निस्तरत नाही.

शुल्क गावाच्या लोकसंख्येवर ठरतं. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं गेली. तुमचंही गाव असं कुठे समाविष्ट झालं असेल तर गेल्या वर्षीचा आकडा डोळे झाकून भरू नका, अधीक्षक कार्यालयात विचारून घ्या. २०२५ मध्ये परमिट रूमचं शुल्क वाढलं आणि मद्यावरचे करही वाढले, त्याविरुद्ध १४ जुलैला बारवाल्यांनी राज्यभर बंद पाळला होता, हे तुम्हाला मी सांगायला नको.

खरं नूतनीकरण वर्षभर वहीत होत असतं. ब्रँडनिहाय साठा वही रोजच्या रोज लिहा. 'आठवड्याचं एकदम बसवतो' म्हणणाऱ्या मॅनेजरला हात जोडा. निरीक्षक काउंटरमागे उभे राहून बाटल्या मोजतात तेव्हा फुटलेल्या सहा क्वार्टरचा खुलासा तोंडी चालत नाही. आणि काउंटरवरच्या प्रत्येक पोराचा नोकरनामा, म्हणजे त्याच्या नावाचा विभागाकडचा कागद, असू द्या. सुट्टीवर गेलेल्याच्या जागी आलेला मेहुणा नोकरनाम्यात नसतो.

ठाण्याहून: एक एजंट 'नवीन वाइन शॉपचं लायसन काढून देतो' म्हणून टोकन मागतोय. द्यावं का?

नाही. राज्यात नव्या वाइन शॉपचे, म्हणजे एफएल-२ परवाने सत्तरच्या दशकापासून थांबलेले आहेत. बाजारात फिरतात ते जुनेच. कुणी भागीदार म्हणून आत येतो, जुना बाहेर पडतो, कुणी जागा बदलून घेतो. यातलं प्रत्येक पाऊल विभागाच्या मंजुरीने आणि शुल्क भरून पडतं. तेव्हा एजंटला एकच विचारा: परवाना क्रमांक काय, आणि आज तो कुणाच्या नावावर आहे? उत्तर आलं तर पुढे बोलू. 'मंत्रालयात आपला माणूस आहे' असं आलं तर चहाचे पैसेसुद्धा त्यालाच देऊ द्या.

नुसतं चालवायला घ्यायचं असेल तर जून २०२५ च्या मंत्रिमंडळ निर्णयाने उघड वाट दिली आहे. एफएल-२ साठी वार्षिक शुल्काच्या १५ टक्के आणि एफएल-३ साठी १० टक्के जादा भरून कंडक्टिंग करार करता येतो. आतापर्यंत हे स्टॅम्पपेपरवर आपापसात चालायचं आणि धाड पडली की मूळ मालक 'मला काही माहीत नाही' म्हणायचा. सोसायटीच्या गाळ्यात दुकान हलवायचा विचार असेल तर मार्च २०२५ मध्ये विधानसभेत झालेली घोषणाही लक्षात ठेवा: सोसायटीच्या आवारात नवं बिअर किंवा वाइनचं दुकान यायचं तर सोसायटीची हरकत नाही हवी.

सोलापूरहून: वडील जानेवारीत गेले. बिअर शॉपी त्यांच्या नावावर होती. आम्ही तिघं भावंडं. मार्चमध्ये त्यांच्याच नावाने चलन भरलं तर चालेल?

तुमच्या दुःखात व्यवहाराचं बोलतो, राग मानू नका. गेलेल्या माणसाच्या नावाने चलन भरणं आणि त्याखाली सही करणं यातून नसती बला ओढवाल. परवाना घर-जमिनीसारखा आपोआप वारसांकडे येत नाही. आपल्या राज्यात मूळ कायदा १९४९ चा दारूबंदीचा आहे आणि परवाना ही त्या बंदीतून एका माणसाला दिलेली सूट आहे. तो माणूस गेला की सूट पुन्हा मागावी लागते. लगेच अधीक्षकांना लेखी कळवा, मृत्यूचा दाखला जोडा आणि वारसांच्या नावे परवाना करण्याचा अर्ज द्या. बहिणीचं नाव गाळू नका. तिला नको असेल तर तिने स्वतः तसं लिहून द्यावं. दोन भावांनी परस्पर 'वारस आम्हीच' असं प्रतिज्ञापत्र घातलेल्या फायली वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या मी पाहिल्यात. एकाच्या टेबलावर तर त्या फायलीवर रोपट्याची कुंडी ठेवलेली होती.

पुण्यातल्या बारचे मॅनेजर: गिऱ्हाइकाकडे परमिट नसेल तर आमची जबाबदारी काय?

पूर्ण. गिऱ्हाइकाचा पिण्याचा एक दिवसाचा परवाना विदेशी मद्याला ५ रुपये, वर्षाचा १००, आजीवन १०००. पाच रुपयांचं पुस्तक काउंटरवर ठेवायचं असतं आणि ते फाडायचंही असतं. वय सौम्य बिअर-वाइनला २१, बाकी मद्याला २५. कॉलेजच्या पोरांशी वाद घालायचा कंटाळा येतो हे खरं, पण ओळखपत्र बघा. आणि एफएल-३ वर सीलबंद बाटली पार्सल देऊ नका, गिऱ्हाईक कितीही जुनं असलं तरी.

सावंतवाडीहून: हळदीला पाहुण्यांसाठी गोव्यातून स्वस्तात माल आणला तर? घरचंच कार्य आहे.

गोव्याच्या हद्दीजवळच्या इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर पाहुण्यांची गाडीही जप्त होईल आणि हळद पोलीस स्टेशनात लागेल. गोवा बनावटीची दारू आपल्या हद्दीत आणणं हा गुन्हा आहे. कार्यासाठीचा एका दिवसाचा तात्पुरता परवाना काढा आणि माल इथल्याच परवानाधारक दुकानातून बिलावर घ्या. बिल मंडपातच ठेवा.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका गावातून: तुम्ही नेहमी दुकानदारांनाच सल्ला देता. आमच्या गावातलं देशीचं दुकान बंद करायचंय. मार्चमध्ये त्याचं नूतनीकरण आम्हाला अडवता येईल का?

ताई, टोला योग्य जागी बसला.

नूतनीकरणावर नुसती हरकत टाकून दुकान बंद होणं कठीण आहे. त्यासाठी २००८ च्या आदेशाची वेगळी वाट आहे. गावातल्या महिला मतदारांपैकी किमान २५ टक्के जणींनी सह्यांचं निवेदन द्यायचं. सह्यांची पडताळणी होते आणि मग गुप्त मतदान होतं: उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. ५० टक्क्यांपेक्षा जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात आणि ते ५० टक्के यादीतल्या एकूण महिलांचे धरतात, मतदानाला आलेल्यांचे नव्हे. यादीत १,००० बायका असतील तर ५०१ हव्यात. ऊसतोडीला गेलेली, सासरी गेलेली, यादीतून नाव न कमी झालेली मयत आजी, या सगळ्या न बोलता उभ्या बाटलीच्या बाजूने मोजल्या जातात. हे मला कधीच पटलेलं नाही.

म्हणून सह्या गोळा करण्याआधी मतदार यादी घेऊन बसा. मयत आणि लग्न होऊन गेलेल्यांची नावं रीतसर कमी करून घ्या. टोळ्या कारखान्यावरून परतल्यावर निवेदन द्या, दिवाळीनंतर लगेच नको. सह्या मतदार ओळखपत्रावरच्या नावानेच घ्या. माहेरचं नाव, घरातलं नाव चालत नाही आणि दुकानदाराचा वकील नेमकं तेच शोधत असतो. पडताळणीच्या दिवशी सही केलेल्या सगळ्या जणींनी ओळखपत्र घेऊन हजर राहायचं आहे. त्या दिवशी गावात कुणाच्याही शेतात खुरपणी ठेवू नका.