टेस्टमध्ये नापास झाली तर?

प्रश्न: मुलगी अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजला जातेय, ॲक्युप्लेसर नावाची टेस्ट द्यायला सांगितलीय. नापास झाली तर ॲडमिशन जाणार का हो?

उत्तर: अहो नाही, नापास ही भानगडच नाही त्यात, गणित-इंग्रजीच्या कुठल्या वर्गात बसवायचं तेवढंच ठरतं. पण म्हणून तयारी न करता जाऊ देऊ नका, स्कोअर (200 ते 300 मध्ये येतो) कमी पडला की रेमेडियल कोर्स (कच्चा पाया पक्का करून घेणारा वर्ग) गळ्यात, फी भरायची आणि डिग्रीचं क्रेडिट सहसा शून्य! वेळेचं बंधन नसतं पण उत्तर दिलं की मागे जाता येत नाही, आणि त्यावरूनच पुढचा प्रश्न सोपा-अवघड होतो, तेव्हा घाई नको. कॅलिफोर्नियात 2017 च्या एबी 705 कायद्यानंतर मुख्यतः हायस्कूलचे मार्कच बघतात. दुसरीकडे असेल तर टेस्ट माफ होते का ते काउन्सेलरला आधी विचारा.