‘असिस्टंट मॅनेजर’ केलं म्हणून ओव्हरटाइम बुडतो का?

प्रश्न : नागपुरात वर्धमाननगरातल्या एका होलसेल फर्ममध्ये मी अकाउंट्स बघतो. स्टाफ चाळीसच्या आसपास, माझा पगार 31,200 रुपये. जीएसटी रिटर्न भरायच्या 11 आणि 20 तारखेच्या आधी रात्री दहापर्यंत बसावं लागतं. ओव्हरटाइम मागितला तर मालक म्हणतात, ‘तू असिस्टंट मॅनेजर आहेस आणि आता कायद्यानेच दहा तास झाले.’ माझ्या हाताखाली दोन मुलं आहेत, पण त्यांची रजा मालकच मंजूर करतात. मी फक्त त्यांची व्हाउचर तपासतो.

उत्तर : मालकांनी दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्या आहेत.

आधी दहा तासांचं बघू. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना अधिनियमात दिवसाला 9 तासांची मर्यादा होती. 2025 च्या दुरुस्तीने ती 10 केली आणि तीन महिन्यांतल्या ओव्हरटाइमची मर्यादा 125 वरून 144 तासांवर नेली. पण आठवड्याचे 48 तास तसेच आहेत आणि जादा तासांना दुप्पट दरही तसाच आहे. दुरुस्तीनंतर हा कायदा 20 किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू होतो, म्हणजे तुमची फर्म त्यात येते.

खरी लढाई तुमच्या हुद्द्यावर होणार. व्यवस्थापकीय, पर्यवेक्षी (म्हणजे इतरांच्या कामावर देखरेख करणाऱ्या) किंवा गोपनीय स्वरूपाच्या पदावरच्या माणसाला हा कायदा वगळतो. मात्र दारावरची पाटी बघून कोर्ट ठरवत नाही, मुख्य काम कोणतं ते बघतं. 1988 च्या नॅशनल इंजिनिअरिंग इंडस्ट्रीज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एका इंटर्नल ऑडिटरला कामगार मानलं, कारण तो हिशेब तपासून अहवाल द्यायचा, कुणावर हुकूम चालवत नव्हता. तुमची व्हाउचर तपासणी त्याच जातीची. उद्या त्या मुलांच्या रजेच्या अर्जावर सही करायला सांगितलं, तर मात्र सावध व्हा. ‘पर्यवेक्षी जबाबदारी’ असं लिहिलेलं नवं पत्र आलं तर सही करण्याआधी वकिलाला दाखवा.

आणखी एक, जे फारसं कुणी विचारत नाही. वगळलेल्या पदांची यादी फर्मने वेबसाइटवर, वेबसाइट नसेल तर ठळक जागी लावायची असते आणि तिची प्रत शासनाच्या सुविधाकाराला, म्हणजे या कायद्याखाली तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याला, पाठवायची असते. ती यादी लेखी मागा. बहुतेक ठिकाणी ती केलेलीच नसते, असा माझा अनुभव आहे.

ओव्हरटाइमच्या दराचा ठोकताळा असा : 31,200 भागिले 26 म्हणजे दिवसाचे 1,200, आठ तासांनी भागले की तासाचे 150, दुप्पट 300. घरभाडं, प्रवासभत्ता वगळला गेला तर आकडा खाली येईल.

पंचिंगच्या नोंदी आणि ‘आज बसावं लागेल’ असे मेसेज जपून ठेवा. फर्मचा डेटा पेनड्राइव्हवर मात्र घेऊ नका, उलटी तक्रार तुमच्यावरच होईल. आधी ईमेलने मागणी करा. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर नागपूरच्या अपर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज द्या. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेत (पगाराबद्दलच्या केंद्राच्या नव्या कायद्यात) दाव्याला 3 वर्षांची मुदत आहे, पण त्याआधीच्या थकबाकीला जुनी, कमी मुदत लागू शकते. म्हणून ईमेल या महिन्यातच पाठवा, राजीनाम्याची भाषा मात्र त्यात नको.