कोळी दिसला, म्हणजे आधी कोणीतरी आलेलं आहे

पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास उतरला की माझ्याकडे येणारी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे फोटो एकदम वाढतात. पाठीला पंप लावून मी 28 वर्षं पुण्यात घरोघरी औषध मारत फिरलो. आता गुडघे कुरकुरतात, म्हणून नुसते सल्ले देतो. या महिन्यात निम्मी पत्रं कोळ्यांची आहेत. एक विनंती: फोटो काढताना शेजारी रुपयाचं नाणं ठेवा. अंधारात काढलेला धुरकट ठिपका पाहून मला कोळी काय आणि खिळा काय, सारखाच.

प्रश्न : काका, आम्ही कोथरूडला टेकडीच्या बाजूला पाचव्या मजल्यावर राहतो. दिवाळीला सगळं घर झाडलं, तरी महिन्याभरात कोपऱ्याकोपऱ्यात जळमटं. त्यात परवा रात्री न्हाणीघरात माझ्या तळहाताएवढा कोळी भिंतीला चिकटून बसला होता. नणंद म्हणते, विषारी असतो, थंडीत उबेला घरात शिरतो. सगळ्या घराला औषध मारून घेऊ का?

उत्तर : ताई, थांबा. माझ्या जुन्या धंदेबंधूंना हे आवडणार नाही, पण कोळ्यांसाठी सगळ्या घराला फवारणी म्हणजे पैसे मोरीत ओतणं. झुरळ भिंतीवर पोट घासत चालतं, मग मिशा आणि पाय चाटत बसतं, म्हणून फवारलेलं औषध त्याच्या पोटात जातं. कोळी पायांच्या टोकांवर चालतो, नाहीतर जाळ्यात अधांतरी लटकलेला असतो. भिंतीवरचं औषध त्याला फारसं लागतच नाही.

उबेचं म्हणाल, तर ते बर्फ पडणाऱ्या देशांतले लेख वाचून आलेलं आहे. तुमच्या कोपऱ्यातले कोळी बाराही महिने तुमच्याकडेच असतात. पाऊस संपताना किडे वाढतात, ते खाऊन कोळी पोसतात आणि दिवाळीनंतर मोठे झालेले दिसू लागतात. शिवाय थंडीत आपल्याकडे धूळ किती! जाळं ताजं असतं तेव्हा दिसतही नाही. धूळ बसली की त्याचं जळमट होतं आणि आपण म्हणतो, कालच आले.

आता ते बारीक, लांब काटकुळ्या पायांचे असतात ना, त्यांच्यावर हळूच फुंकर मारून पाहा. जाळ्यासकट असे जोरात थरथरतात की डोळ्यांसमोर नुसती धूसर रेघ राहते. नीट पाहिलंत तर एखादीच्या तोंडात खसखशीच्या दाण्यांसारखी अंड्यांची गोळी धरलेली दिसेल. म्हणून नुसतं जाळं तोडून उपयोग नाही, गोळीसकट कोळीण काढावी लागते. तुळशीबागेत लांब दांड्याचा जळमटांचा झाडू मिळतो. त्याला जुनं बनियन ओलं करून, घट्ट पिळून गुंडाळा. कोरड्या झाडूनं जाळं नुसतं इकडचं तिकडे जातं, ओलसर कापडाला गुंडाळलं जातं. कपाटांच्या माथ्यावर, पडद्याच्या दांडीमागे आणि पंख्याच्या वाटीपाशी फिरवा. बनियन दाराबाहेर झटका, घरातल्या बादलीत बुडवू नका. आठवड्याला एकदा, असं महिनाभर केलंत की पुढची पिढी बसायला जागा राहत नाही.

न्हाणीघरातला मोठा मात्र वेगळा. हा जाळं विणत नाही, रात्री पळत शिकार करतो, आणि त्याचं आवडतं खाणं म्हणजे झुरळ. मुठीत धरलात तर चावेल, दुखेलही, पण जिवाला धोका नाही. मादी असेल तर पोटाखाली बत्ताशासारखी चपटी, पांढुरकी पिशवी धरून बसलेली असते. त्यात शंभराच्या वर अंडी. अशा वेळी झाडू घेऊन धावू नका. मिठाईचा पारदर्शक प्लास्टिकचा डबा तिच्यावर उपडा ठेवा आणि खालून लग्नपत्रिका सरकवा. जाड पत्रिका घ्या, या दिवसांत घरात ढिगानं पडलेल्या असतात. मग खाली बागेत नेऊन सोडा.

पण खरा प्रश्न असा, की पाचव्या मजल्यावरच्या न्हाणीघरात तिला खायला काय मिळालं? पाहुण्यांसाठी म्हणून ठेवलेलं, महिनोन्‌महिने न वापरलेलं न्हाणीघर आहे का तुमच्याकडे? मोरीच्या जाळीखाली वाकड्या नळीत पाणी साचलेलं असतं, ते चेंबरमधल्या वासाला आणि झुरळांना अडवतं. न्हाणीघर वापरलं नाही की ते पाणी उडून जातं, रस्ता मोकळा होतो आणि मोठी तांबडी झुरळं वर येतात. त्यांच्यामागून ही. दर रविवारी तिथे तांब्याभर पाणी ओता आणि वर बारीक भोकांची जाळी बसवा, बोहरी आळीत कुठल्याही दुकानात मिळेल. संध्याकाळी बाल्कनीतली पांढरी ट्यूब तासन्‌तास जळत असेल तर तीही बंद करा, किंवा पिवळसर दिवा लावा. पांढऱ्या उजेडावर किडे जमतात, किड्यांवर कोळी.

आणि लिंबाची सालं कोपऱ्यात ठेवल्यानं कोळी जात नाही, ताई. सरबत करा.

प्रश्न : मानेवर रात्री कोळी मुतला असावा. सकाळी लाल पट्टा, दुसऱ्या दिवशी फोड आणि आग. आजी तुरटी लावायला सांगते. – नारायण पेठ

उत्तर : कोळी बिचारा फुकट बदनाम आहे. कोळी अंगावर मुतून फोड येत नाहीत. दोन शक्यता आहेत. एक म्हणजे मुंगीसारखा लांबट, नारिंगी-काळ्या पट्ट्यांचा छोटा भुंगेरा. तो रात्री दिव्यावर येतो, उशीवर पडतो आणि आपण झोपेत त्याला चिरडतो. त्याच्या अंगातल्या रसानं कातडी भाजल्यासारखी होते, आणि तेही लगेच न होता दिवसभरानं, म्हणून सापडत नाही कोण ते. अंगावर दिसला तर चापट न मारता फुंकर मारा, मग ती जागा साबणानं धुवा. दुसरी शक्यता नागिणीची. फोड शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यानं असतील आणि आधी ठणका लागला असेल, तर आजच डॉक्टरांकडे जा. नागिणीवरच्या औषधाचा गुण ते पहिल्या 72 तासांत सुरू केलं तर चांगला येतो. तुरटी राहू द्या.

प्रश्न : आमच्या ओट्याखाली बारीक झुरळं झालीत. माणूस बोलावून जेल लावून घेतलं, वर खात्रीसाठी मी स्वतः फवाराही मारला. तरी आहेतच. घरात फिश टँक आहे, पुन्हा फवारणी चालेल का? – सहकारनगर

उत्तर : वर फवारा मारलात, तिथेच घोटाळा झाला. जेल हे आमिष असतं. झुरळ ते खाऊन फटीत जाऊन मरतं, बाकीची त्याची विष्ठा आणि त्याचं मढं खातात आणि तीही जातात. त्यावर फवारा मारला की झुरळं आमिषाला तोंड लावत नाहीत, शिवाय पांगून दुसऱ्या खोलीत जातात. आता फवारा विसरा. ओटा साबणाच्या पाण्यानं पुसून कोरडा करा आणि ज्वारीच्या दाण्याएवढे ठिपके नव्यानं लावून घ्या: कपाटाच्या बिजागऱ्यांत, सिंकच्या खालच्या कडेला, आणि मुख्य म्हणजे फ्रिजच्या मागे. थंडीत ही झुरळं उबेला जमतात, त्यांच्या बाबतीत नणंदबाईंचं म्हणणं खरं आहे. फ्रिजचा कॉम्प्रेसर, मिक्सरचं बूड, राउटर. माझा एक ग्राहक वायफाय चालत नाही म्हणून कंपनीशी भांडत होता, डबा उघडला तर आत वसाहत. एका मादीच्या मागच्या टोकाला लटकलेल्या कुपीत तीस-चाळीस अंडी असतात, म्हणून पंधरा दिवसांनी पुन्हा एक फेरी हवीच.

बोरिक पावडर, कणीक आणि साखरेच्या गोळ्याही चालतात, पण रांगतं मूल किंवा कुत्रं असेल तर नकोत.

फिश टँकबद्दल विचारलंत ते बरं केलंत. धंद्यात नवा असताना एरंडवण्यात एका घरी मी टँकवर काच ठेवली, वर चादर टाकली आणि निर्धास्त फवारणी केली. हवेचा पंप मात्र चालूच राहिला. तो खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडत होता. संध्याकाळी त्या घरातल्या काकूंचा फोन आला. त्या रागावल्या नाहीत, नुसतं म्हणाल्या, ‘सगळे वर आलेत हो.’ नऊ गोल्डफिश होते. आपल्याकडची बहुतेक फवारणीची औषधं माणसाला बेतानं सोसतात, माशांना अजिबात सोसत नाहीत. त्यांतली काही मांजरांनाही बाधतात. तेव्हापासून मी आधी प्लग काढतो, मग पंप पाठीला लावतो.

प्रश्न : भिंतीवर भोपळ्याच्या बीसारखं करड्या रंगाचं काहीतरी चिकटलेलं असतं. माती असेल म्हणून काढायला गेले तर चालायला लागलं! – सिंहगड रोड

उत्तर : ही एका बारीक पतंगाची अळी. धूळ, वाळूचे कण आणि धागे जोडून स्वतःभोवती पिशवी शिवते आणि ती ओढत हिंडते. पिशवी दोन्ही टोकांना उघडी असते, त्यामुळे वळायचं कष्ट न घेता ती कुठूनही डोकं बाहेर काढते. खाते काय, तर जुनी जळमटं, गळलेले केस, लोकर. म्हणजे कोथरूडच्या ताईंना सांगितलेलं ओलं बनियन तुम्हालाही लागू. दिसतील त्या चिमट्यानं काढून टाका, औषधाची गरज नाही.

प्रश्न : गोधड्या-स्वेटरांत डांबराच्या गोळ्या ठेवते. नातू दोन महिन्यांचा आहे, त्याच्या दुपट्यांतही ठेवू का? – धनकवडी

उत्तर : अजिबात नको, आजी. जी-सिक्स-पीडी नावाच्या एन्झाइमची जन्मतः कमतरता असलेल्या बाळांत या वासानं रक्तपेशी फुटतात, कावीळ वाढते. अशी कमतरता बाळाकडे नुसतं पाहून कळत नाही. ठेवल्या असतील तर सगळी दुपटी धुऊन उन्हात वाळवा आणि मगच वापरा. स्वेटरला कसर लागते ती घामाचे, वरणाचे डाग तसेच राहिले म्हणून. धुऊन, दोन दिवस कडक ऊन देऊन, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवलंत की गोळीची गरज राहत नाही.

प्रश्न : अंड्याची टरफलं टांगल्यावर पाल येत नाही, हे खरं का? – औंध

उत्तर : माझ्या घरी टरफलावर बसलेली पाल आहे.

प्रश्न : वाड्यात रात्री चिचुंद्री येते. घरच्यांना मारायची नाही, लक्ष्मी म्हणतात. पण वास! – शनिवार पेठ

उत्तर : मारूही नका. ती उंदीर नव्हे, तिचं मुख्य खाणं किडे आणि झुरळं. वास असह्य असला तरी नोकर बिनपगारी आहे. घरात नको असेल तर मोरीचं भोक आणि दाराखालची फट पाहा. पेन्सिल आत जात असेल तर उंदराचं पिल्लूही जातं. मोरीला लोखंडी जाळी लावा, दाराला खालून रबराची पट्टी ठोका. आज रात्री आत आलीच, तर आरडाओरडा न करता पुढचं दार उघडा आणि दिवा मालवा. तिला दिसतं कमी, ती भिंतीला अंग घासत चालते. भिंत धरून धरून आपली आपण बाहेर जाईल. वाटेतल्या चपला तेवढ्या उचलून ठेवा.